रिकाम्या डोंगराची थाप

आफ्रिकेची सहल करून आलेला आपल्याकडचा गृहस्थ दिवाळीत चार घरी फराळाला गेला की काय सांगतो? सिंह पाहिला, हत्ती पाहिला, गेंडा दिसला, बिबट्या थोडक्यात हुकला, रानरेडे तर ढिगाने. ही यादी संपली की त्याचा आफ्रिका खंडही संपतो. त्या यादीत माणूस कुठे असतो? असलाच तर गाडी हाकणारा, तंबूत चहा आणून देणारा, नाही तर रंगीत वस्त्रे लेवून उड्या मारून दाखवणारा. हजारो मैल ओलांडून जायचे आणि जिथे गेलो तिथे कोण राहते याची साधी चौकशीही करायची नाही, ही आपली प्रवासाची रीत!

ही नुसती हौशी प्रवाशांची खोड असती तर तिच्यावर दिवाळी अंकाची पाने खर्च करण्याचे कारण नव्हते. पण या खोडीच्या मुळाशी एक थाप आहे, आणि ती मोठमोठ्या सरकारांनी व विद्वानांनी पोसलेली आहे. थाप अशी की, रान आणि जनावरे ही मुळात रिकाम्या जागी सुखाने नांदत होती. माणूस तिथे मागाहून घुसला. म्हणून त्याला हुसकून काढले की सारे पुन्हा पहिल्यासारखे होईल. ही थाप किती पोकळ आहे ते मी एका डोंगराच्या साक्षीने दाखवणार आहे.

केनिया आणि युगांडा या दोन देशांच्या सीमेवर माउंट एल्गन नावाचा डोंगर आहे. सुमारे दोन कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वी तो आग ओकू लागला आणि केव्हाच विझून थंड झाला. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच. पण आपल्याकडे जमिनीला लांबलचक भेगा पडून लाव्हा पसरला, त्याचे थरावर थर बसले. एल्गनचा लाव्हा मुखातून उसळून चहूकडे वाहत गेला. त्यामुळे हा डोंगर सुळक्यासारखा दिसत नाही. एखादी अवाढव्य परात उपडी ठेवावी तसा तो बसला आहे. त्याच्या तळाचा व्यास सुमारे ऐंशी किलोमीटर! वागागाई हे त्याचे सर्वांत उंच शिखर ४,३२१ मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीच पटींहून अधिक. माथ्यावर मुख खचून झालेला सुमारे आठ किलोमीटर रुंदीचा द्रोण आहे. पूर्वेची कड फोडून त्यातून सुआम नदी बाहेर पडते, आणि तिच्या उगमाजवळच्या ऊन पाण्याच्या झऱ्यांत डोंगराच्या जुन्या आगीची धग अजून हाताला लागते. सुआम पुढे तुर्कवेल या नावाने तुर्काना सरोवराला मिळते. दुसऱ्या अंगाचे पाणी व्हिक्टोरिया सरोवराकडे आणि नाईलच्या खोऱ्यात जाते. एका डोंगराने दोन देशांच्या लाखो लोकांची तहान भागवावी असा हा प्रकार.

पायथ्याशी केळी आणि कॉफी. त्यावर दाट अरण्य, त्यात काळी-पांढरी, लांब झुपकेदार शेपटीची कोलोबस माकडे. त्यावर बांबूचा पट्टा, आणि सर्वांत वर उघडी, थंड माळराने. या माळरानांची तऱ्हाच न्यारी. तिथे दिवसा ऊन चटका देते आणि रात्री पाणी गोठते. अशा ठिकाणी वाढायचे म्हणून सेनेसिओ नावाचे एक झाड आपली वाळलेली पाने गळू देत नाही. ती गोधडीसारखी खोडाभोवती गुंडाळून घेते, आणि रात्र पडली की कोवळा कोंब ताज्या पानांत मिटून ठेवते. आपल्याकडे सूर्यफुलाच्या कुळातली रोपटी कमरेएवढी झाली तरी आपण कौतुक करतो. तिथे त्याच कुळातले हे झाड माणसाच्या डोक्यावरून कितीतरी उंच जाते.

परंतु एल्गनचे खरे नवल त्याच्या गुहांत आहे. १८८३ साली जोसेफ थॉम्सन नावाचा स्कॉटिश प्रवासी या डोंगराच्या पायथ्याशी आला. त्याने प्रचंड गुहा पाहिल्या. त्यांच्यात माणसे राहत होती, गुरे बांधलेली होती. भिंतींवर खोदल्याच्या खुणा होत्या. आता या खुणा कुणाच्या? थॉम्सनसाहेबांनी तर्क लढवला की, अतिप्राचीन काळी कुण्या बलाढ्य व सुधारलेल्या जातीने मौल्यवान खडे किंवा धातू शोधण्यासाठी या गुहा खोदल्या असाव्यात. आणि त्यांची दृष्टी पार मिसरपर्यंत धावली. समोर माणसे उभी होती. पण डोंगराच्या इतिहासात काही कर्तृत्व दाखवायला ती साहेबांना पुरेशी वाटली नाहीत. आपल्या खेड्यातला म्हातारा प्रत्येक लेणे पांडवांनी एका रात्रीत खोदले म्हणून सांगतो, तेव्हा आपण हसतो. पण त्या म्हाताऱ्याचे पांडव निदान त्याच्या घरचे तरी असतात!

मग खोदणारे कोण निघाले? हत्ती! या डोंगरावर पाऊस फार. तो मातीतले क्षार धुऊन नेतो, आणि झाडपाला अळणी होतो. क्षारावाचून जनावराचे चालत नाही. म्हणून एल्गनचे हत्ती रात्रीच्या वेळी किटुमसारख्या गुहांत शिरतात. किटुमची गुहा डोंगराच्या पोटात सुमारे दोनशे मीटर गेलेली. काळोख असा की डोळ्यांचा काही उपयोग नाही. सोंडेने चाचपडत, पिलांना अंगाशी घेऊन, पडलेल्या दगडांतून वाट काढत कळप आत जातो; सुळ्यांनी भिंतीचा खारट खडक फोडतो, आणि दाढांखाली भरडून खातो. पाण्याने गुहेला सुरुवात करून दिली असेल, पण हजारो वर्षे ती आत आत वाढवली ती हत्तींनी. इयान रेडमंड या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १९८० पासून या हत्तींचा माग काढला. आणि डोंगरावरचे गुराखीही आपल्या गुरांसाठी याच भिंतींचा खारट खडक खणून नेत. म्हणजे एका गुहेत हत्ती, वटवाघळे, गाई आणि माणसे आपापल्या गरजेपुरते मीठ घेत होती. रिकाम्या डोंगराच्या थापेला याहून चोख उत्तर कुठले हवे?

आता ही माणसे कोण ते पाहू. पश्चिम उतारावर बागिसू लोक. त्यांच्या भाषेत डोंगराचे नाव मसाबा, कारण त्यांचा मूळ पुरुष मसाबा याच डोंगरातून बाहेर आला अशी त्यांची श्रद्धा. दर समसंख्येच्या वर्षी त्यांचा इंबालू नावाचा सोहळा होतो. त्यात तरुण मुले साऱ्या गावादेखत, पापणी न हलवता सुंतेचा घाव सोसतात आणि पुरुषांत जमा होतात. बांबूचे कोवळे कोंब धुरावर वाळवून शेंगदाण्याच्या कुटात शिजवायचे, हे त्यांचे मानाचे पक्वान्न, मलेवा. वास्त्याची भाजी ठाऊक असलेल्या कोकणच्या वाचकाला त्याची गोडी सांगायला नको. उत्तरेला सबिनी लोक. त्यांच्यातल्या स्टीफन किप्रोटिचने २०१२ साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकली, आणि जोशुआ चेप्टेगाईने २०२० साली पाच हजार आणि दहा हजार मीटरचे जागतिक विक्रम मोडले. आणि सर्वांत वर, गारठलेल्या माळरानांत व अरण्याच्या कडेला, ओगिएक आणि बेनेट: गुरे राखणारे, झाडांवर पोकळ ओंडक्यांची पोळी टांगून मध काढणारे, कोणता फुलोरा कोणत्या उंचीवर केव्हा येतो हे तोंडपाठ असणारे लोक.

१९२५ साली कार्ल युंग हा विख्यात मानसशास्त्रज्ञ या डोंगरावर येऊन राहिला. तिथल्या लोकांना तो त्यांच्या स्वप्नांविषयी विचारू लागला. त्याने आपल्या आठवणींत नमूद केले आहे की, एका वृद्ध मांत्रिकाने डोळ्यांत पाणी आणून सांगितले: गोरे आल्यापासून आम्हाला स्वप्ने पडत नाहीत, आता त्यांची गरजही उरली नाही, कारण सारे काही इंग्रजांना ठाऊक असते. युंगला यात मानसशास्त्र दिसले. मला यात राज्यशास्त्र दिसते. पाऊस, आजार आणि लढाई यांविषयी जे ज्ञान म्हाताऱ्याच्या स्वप्नात होते, ते आता जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर गेले होते. आणि ज्ञान ज्या टेबलावर जाते, जमीनही त्याच टेबलावर जाते.

ती गेलीच. पूर्वेकडची सुपीक जमीन गोऱ्या शेतकऱ्यांना मिळाली, आणि वरच्या अरण्याभोवती सरकारी राखीव जंगलाची रेघ ओढली गेली. इंग्रज गेले, रेघ राहिली. १९८३ साली युगांडा सरकारने बेनेटांना माळरानावरून खाली आणून सहा हजार हेक्टर जमीन द्यायचे ठरवले. त्यातली पुष्कळशी भलत्यांच्याच हाती पडली. पुढे १९९३ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. फेरमोजणी केली तर वाटलेली जमीन निघाली साडेसात हजार हेक्टर. चूक मोजणीवाल्यांची, पण वरच्या दीड हजार हेक्टरांवर घरे बांधून राहिलेले लोक एका फटक्यात घुसखोर ठरले! हद्दीच्या दगडापायी ज्याच्या घराण्यात दोन पिढ्या कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत, अशा मराठी वाचकाला या वाक्याचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही. २००५ साली म्बाले येथील उच्च न्यायालयात बेनेट हे तिथले मूळ रहिवासी आहेत असे मान्य झाले. आणि २००८ साली पुन्हा त्यांना हाकलण्यात आले.

केनियाच्या बाजूला तेच. ओगिएकांची चेपकिताले ही माळराने २००० साली त्यांना न विचारता राखीव अभयारण्य ठरली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे धनी एका रात्रीत गुन्हेगार झाले. ते गप्प बसले नाहीत. परत आले, न्यायालयात गेले, आपले परंपरागत नियम त्यांनी लिहून काढले आणि कोळसा पाडणाऱ्यांना स्वतःच आळा घातला. २०२२ साली न्यायालयाने निकाल दिला की जमीन त्यांची.

याहून कडू विनोद पुढेच आहे. १९९० साली नेदरलँड्समधील वीज-कंपन्यांनी एक संस्था काढली. कशासाठी? तर कोळसा जाळून होणाऱ्या धुराची भरपाई म्हणून दूर कुठे तरी झाडे लावायची. १९९४ साली करार झाला की एल्गनच्या कडेने पंचवीस हजार हेक्टरांवर झाडे लावायची. झाडे लावण्यावर कुणाचा आक्षेप असेल? पण झाडे जिथे लागली त्या जमिनीचा वाद मिटलेला नव्हता. ज्यांची शेते त्या रेघेत गेली त्यांनी पुढे रोपे उपटली, तोडली. धूर युरोपात, दिवे युरोपात, पुण्यही युरोपात. आणि प्रायश्चित्त मात्र एल्गनच्या उतारावरच्या शेतकऱ्याने घ्यायचे, असा हा सौदा.

प्रतिपक्ष म्हणेल, हे सारे ठीक. पण लोकसंख्या वाढते आहे, जंगल तुटते आहे, त्याचे काय? आक्षेप पोकळ नाही. पश्चिम उतारावर वस्ती फार दाट आहे. इदी अमीनच्या आणि नंतरच्या अंदाधुंदीत तिथले जंगल बेसुमार तुटले. १ मार्च २०१० रोजी बुदुदा भागात डोंगराची कड कोसळून गावेच्या गावे गाडली गेली आणि शेकडो माणसे दगावली. उघड्या उतारावर झाड नसले म्हणजे काय होते हे माळीण पाहिलेल्या महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. रान राखलेच पाहिजे, याविषयी माझा वाद नाही. वाद आहे तो कुणी राखायचे याविषयी, आणि चोर समजून कुणाला धरायचे याविषयी. किटुमचे हत्ती मधवाल्यांनी मारले नाहीत. १९७० आणि १९८० च्या दशकांत हस्तिदंतासाठी बंदुका घेऊन आलेल्या टोळ्यांनी मारले. रिकाम्या रानात चोराला पाहणारे कोण असते? युगांडात उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी पुढे काही गावांशी करार केले, बांबूचे कोंब आणि सरपण ठरल्या मापाने नेण्याची मुभा दिली, आणि त्या बदल्यात राखणीचा वाटा गावाने उचलला. म्हणजे दुसरी वाट आहे, आणि ती चालून पाहिलेली आहे.

आणि ही वाट आपल्यालाही अनोळखी नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा जंगल आता बुडाले म्हणून हळहळणारे शहाणे आपल्यातच होते. तीच थाप, फक्त मराठीत. आपल्या मुलांना आपण वाघ ओळखायला शिकवतो, त्याच्या रानात मोहफुले वेचणाऱ्या बाईचे नाव मात्र विचारायला शिकवत नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या सुट्टीत आफ्रिकेला खुशाल जा. हत्ती पाहा, सिपीचा धबधबा पाहा, मिळाला तर मलेवा जरूर खाऊन पाहा. मात्र परत आल्यावर फराळाच्या ताटापुढे जनावरांची यादी सांगू लागाल, तेव्हा एक प्रश्न आधी स्वतःला विचारा: त्या डोंगराला तिथली माणसे काय नावाने हाक मारतात? नकाशावर छापलेले नाव सांगितलेत, तर तुम्ही नकाशा पाहून आलात. मसाबा म्हणालात, तर डोंगर पाहून आलात.