बांध, नकाशा आणि गावकरी

आपल्या आळंद तालुक्यातील विद्यार्थ्यास बांध या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. पावसाचे पाणी शेतातून वाहून जाऊ नये, ते मुरावे, माती टिकावी, यासाठी आपण बांध घालतो. गोव्याच्या किनाऱ्यावर हाच शब्द नेमक्या उलट कामास लागतो. तेथे बांध घालतात तो पाणी शेताबाहेर ठेवण्यासाठी. कोंकणी ही माझी मातृभाषा असल्यामुळे तिकडील उदाहरणे माझ्या बोलण्यात वारंवार येतात आणि समुद्राकाठच्या गावाशी खजुरीचा काय संबंध, असा प्रश्न विद्यार्थी मोकळेपणाने विचारतात. प्रश्न रास्त आहे. समुद्र आपल्यापासून फार दूर आहे. परंतु गावाचे पुढे काय व्हावे हे कोणी ठरवावयाचे, ही अडचण तेथली आणि येथली एकच आहे, आणि किनाऱ्यावर तिचा निकाल लवकर लागतो म्हणून ती तेथे अधिक स्पष्ट दिसते.

मांडवी आणि जुवारी या नद्यांतून भरतीचे खारे पाणी कित्येक मैल आत शिरते. त्यांच्या काठची सखल दलदल पूर्वीच्या लोकांनी चिखल, जांभा दगड आणि पेंढा यांच्या बांधांनी वेढली व भातशेतीखाली आणली. अशा जमिनीस खाजन म्हणतात. गोव्यात ती सुमारे १८,००० हेक्टर आहे. बांधास ठिकठिकाणी ‘मानस’ म्हणजे लाकडी झडपांचे दार असते. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात शोभावी अशी ही योजना आहे. परंतु खेकडा बांधाला बीळ पाडतो, आणि ते वेळीच बुजविले नाही तर उधाणाच्या एका रात्रीत तेथे भगदाड पडते. मग खारे पाणी एकट्या निष्काळजी माणसाच्या शेतात शिरून थांबत नाही. सगळ्यांचीच शेते बुडतात, आणि जमिनीतील मीठ निघावयास अनेक पावसाळे जावे लागतात. म्हणून बांधाची डागडुजी हे सर्व गावाचे काम मानले गेले. ते ‘गावकरी’ ही संस्था पाही. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटले. मानशीवरील मासळीचा लिलाव होई आणि गावाच्या अशा सामाईक उत्पन्नातून दुरुस्तीचा खर्च निघे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची हल्ली प्रथा पडली आहे. तीत मी सामील होऊ शकत नाही. गावकरीत शब्द चाले तो मूळ घराण्यांतील पुरुषांचा. चिखलात उभे राहून बांध रचणाऱ्या मजुरास आणि स्त्रियांस तेथे स्थान नव्हते. गोवा मुक्त झाल्यानंतर १९६४ चा कूळकायदा आणि १९७६ ची त्याची दुरुस्ती यांनी कसणाऱ्यास जमिनीचा हक्क दिला, हे न्यायाचेच झाले. बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांवर सोपविण्यात आली. परंतु कित्येक ठिकाणी ती कागदावरच राहिली. भातापेक्षा मासळीत पैसा अधिक मिळू लागला, तेव्हा बांध मुद्दाम फुटू दिल्याच्या तक्रारीही झाल्या. हक्क वाटले गेले. बीळ कोणी बुजवावयाचे, हे मात्र कोणाच्याच अंगवळणी पडले नाही.

हॉलंडमध्ये याच प्रश्नाचे उत्तर निराळ्या रीतीने निघाले. तेथे तेराव्या शतकापासून पाण्याची मंडळे आहेत. आजही लोक ती मतदानाने निवडतात आणि बांधांसाठी वेगळा कर देतात. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्र बांध फोडून आत आला व १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्या राष्ट्राने मोठमोठी धरणे व दरवाजे उभारण्याचे जे काम हाती घेतले, ते १९९७ पर्यंत चालले. ज्यांनी ते आरंभिले त्यांतील अनेकांना ते पुरे झालेले पाहता आले नसेल.

गोव्यात पुढे बांधाची जागा नकाशाने घेतली. २०११ पर्यंतच्या विकासाचा म्हणून जो प्रादेशिक आराखडा २००६ मध्ये लोकांसमोर आला, त्यात डोंगरउतार व बागायती जमिनी वस्तीसाठी खुल्या केल्याचे आढळले. गावोगावचे लोक सर्व्हे नंबर ताडून नकाशे वाचू लागले. मोठे आंदोलन झाले, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. नवा आराखडा करताना नकाशे पंचायतींकडे पाठवून सूचना मागविण्यात आल्या. आपल्या गावाची टेकडी कोठे संपते आणि खाजन कोठे सुरू होते, हे सामान्य माणसांनी सभेत बसून ठरवावे, ही लहान गोष्ट नव्हे. तज्ज्ञ नकोत असे कोण म्हणेल? चार्ल्स कोरिया यांच्यासारखे नामांकित वास्तुशास्त्रज्ञ त्या कामी होतेच. पण कोणत्या पायवाटेवर पावसाळ्यात पाणी साचते, हे मुंबईहून आलेल्या वास्तुशास्त्रज्ञास गावानेच सांगावे लागते.

तरीही २०१२ मध्ये सरकार बदलले आणि आराखडा स्थगित झाला. कालांतराने तो पुन्हा वापरात आला खरा. पण २०२३ मध्ये एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याची वाट कायद्यातच करण्यात आली. वाद न्यायालयात गेला, आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासंबंधीचे नियम रद्द केले. मला यात खेकड्याचे बीळच दिसते. संबंध नकाशा कोणी फाडीत नाही. आज एक तुकडा, उद्या दुसरा. आंदोलनास हजारो माणसे जमतात, पण असली बिळे शोधावयाची तर साध्या, कंटाळवाण्या ग्रामसभेत वर्षानुवर्षे बसणारी माणसे लागतात.

आपल्या राज्यात विद्यार्थ्यांनाही अशा सभेत बसण्याची सोय आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. उडुपी जिल्ह्यातील कुंदापूर हा किनाऱ्यावरचाच तालुका. तेथे गेल्या शतकाच्या अखेरीस मुलांच्या पंचायतीचा प्रयोग झाला. शाळेच्या वाटेवरील ओढ्यावर साकव हवा, यासारख्या गोष्टी मुलांनी वडीलधाऱ्यांपुढे मांडल्या. पुढे सर्व ग्रामपंचायतींनी दरवर्षी मुलांची ग्रामसभा भरवावी असे राज्य सरकारने ठरविले. कानडीत तिला ‘मक्कळ ग्रामसभे’ म्हणतात. तीत भाषण ठोकावे लागत नाही. कोणता हातपंप उन्हाळ्यात कोणत्या महिन्यात आटतो, शाळेच्या वाटेवर चिखल कोठे होतो, मुलींना वरच्या वर्गासाठी आळंदला जाण्यास बस किती वाजता मिळते, एवढे वहीत लिहून नेले तरी पुरे. आणि मागच्या वर्षी लिहिलेल्यापैकी काय झाले, हे विचारावयास विसरू नये. नववीच्या विद्यार्थ्यांनी ती वही सुरू केली, तर दहावी सुटताना ती आठवीकडे सोपविता येईल.