गावात बनलेला ग्रॅबर गावातच तपासा

उमरखेडहून ढाणकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ट्रॉल्या, वखराच्या पासा, गोठ्याचे शेड, खिडक्यांच्या ग्रिल, जे काम येईल ते करतो. अलीकडे मात्र एक मागणी पुन्हा पुन्हा येते. छोट्या ट्रॅक्टरच्या मागे बॅकहो बसवलेला असतो आणि मालक म्हणतो, "भाऊ, हे खोदते बरोबर, पण धरत नाही. याला पकड बसवून द्या."

मागणी रास्त आहे. नाल्यात माजलेलं बेशरम बकेटने उपटायला जा, निम्मं सटकून परत पाण्यात पडतं. धुऱ्यावरचं बाभळीचं खोड बकेटमध्ये बसत नाही. पऱ्हाटीचा ढीग उचलला तर वाटेत अर्धा सांडतो. बोंडअळीमुळे हंगाम संपताच पऱ्हाटी वावरातून काढा, फरदड घेऊ नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. ते बरोबरच आहे, पण ती उचलायला मजूर कुठून आणायचा? पैनगंगेच्या काठाला, मार्लेगाव-चातारीच्या बाजूला, पूर ओसरला की वावरात ओंडके आणि गाळ येऊन पडलेला असतो. तो हाताने कोण काढणार?

बकेट धरत नाही म्हणून शेवटी माणूस धरतो. एक जण खाली उतरून खोडाला साखळी बांधतो, चालक बूम वर घेतो, आणि खोड फिरू नये म्हणून तो खालचा माणूस त्याला हात लावून चालत राहतो. साखळी घसरली तर त्याला पळायला जागा नसते. मला ग्रॅबर बनवावासा वाटतो तो या माणसासाठी. पकड चांगली असेल तर त्याने बूमखाली जायची गरजच उरत नाही.

सगळ्यात साधी पकड म्हणजे बिनजॅकचा अंगठा. बॅकहोच्या स्टिकला खालून दोन-तीन वाकवलेली बोटं पिनवर बसवायची, मागून एक आधाराची दांडी द्यायची, दांडीला चार भोकं ठेवायची. काम पाहून पिन हव्या त्या भोकात घालायची आणि बकेट वळवून माल अंगठ्यावर दाबायचा. जास्तीचं तेल नाही, पाईप नाही, व्हॉल्व्ह नाही. छोट्या ट्रॅक्टरवाल्याला मी आधी हाच सुचवतो, कारण बूमच्या टोकाला वाढवलेला प्रत्येक किलो उचलायच्या ताकदीतून वजा होतो. मोठ्या मशीनसाठी बनलेला जड ग्रॅबर छोट्या ट्रॅक्टरला लावला, तर त्याची निम्मी ताकद ग्रॅबर उचलण्यातच जाते. म्हणूनच आमच्यासारख्या दुकानांची गरज आहे. मापाचं, हलकं काम इथेच होऊ शकतं.

जॅकचा अंगठा लावायचा म्हटला की हिशेब बदलतो. तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला १५० किलो धरा. ५० मिलिमीटर बोअरचा जॅक जवळजवळ ३ टन जोर देतो, ६३ मिलिमीटरचा साडेचार टनांच्या वर. आता बकेटचा जॅक ६३ चा आणि अंगठ्याचा ५० चा असेल, तर खोड दाबताना बकेट अंगठ्याला मागे रेटते. अंगठ्याच्या जॅकमधलं तेल बंद व्हॉल्व्हमागे अडकलेलं असतं, त्याला जायला वाट नसते. दाब पंपाच्या दाबाच्याही वर चढतो. मग होज फुटतो, रॉड वाकतो किंवा पिन तुटते. उपाय लहान आहे. अंगठ्याच्या लाइनवर वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह बसवायचा आणि तो योग्य दाबाला लावायचा. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत हा व्हॉल्व्ह पुष्कळदा नसतोच.

होज बारीक गळत असेल तर हात लावून गळती शोधू नका. पुठ्ठा फिरवून पाहा. एवढ्या दाबाची तेलाची बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि आत बोट सडू लागतं. अशा वेळी थेट मोठ्या दवाखान्यात जायचं, उद्यावर टाकायचं नाही.

दुसरी गोष्ट बोटांच्या पोलादाची. भंगारात ट्रकचे कमानी पाटे स्वस्त मिळतात, टणक असतात, म्हणून सगळे त्याचीच बोटं करतात. पण ते पोलाद तसंच थंड असताना वेल्ड केलं, तर वेल्डिंगच्या कडेला ते काचेसारखं ठिसूळ होतं आणि पहिल्याच मोठ्या गोट्याला तडकतं. आधी तापवायचं, कोरडी ७०१८ काडी वापरायची, वेल्ड झाल्यावर राखेत पुरून हळूहळू निवू द्यायचं. अंगठ्याचं बूड स्टिकला जोडतानाही आडवं वेल्डिंग टाळायचं आणि खाली रुंद, लांब पट्टी घ्यायची, नाहीतर बॅकहोची स्टिकच चिरते. यातलं काहीच गुपित नाही. पण हे मला कुठल्या सरकारी कागदावर सापडलं नाही, उस्तादाकडून आणि तुटलेल्या कामांतून शिकावं लागलं.

माझी तक्रार इथे आहे. २०१४-१५ पासून केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान चालू आहे. त्यात अवजारावर ४० टक्के, तर लहान शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. अट एवढीच की अवजार मान्यताप्राप्त संस्थेत तपासलेलं हवं. अट योग्यच आहे. पण चाचणी म्हणजे मध्य प्रदेशातलं बुदनी किंवा फार तर अकोल्याचं कृषी विद्यापीठ, आणि तीही मॉडेल ठरवून शेकड्याने माल काढणाऱ्या कारखान्याला परवडणारी. हंगामात मोजकेच ग्रॅबर करणाऱ्याने ती कशी करायची? परिणामी आमचं काम चांगलं असो की वाईट, दोन्हींची किंमत सारखीच. राखेत निववणारा आणि थंड पाट्यावर काडी घासणारा, दोघांच्या मालावर रंग एकच असतो. शेतकऱ्याला फरक कळतो तो माल तुटल्यावर.

आमच्या कामाला हलकं समजणाऱ्यांनी इतिहास पाहावा. जोसेफ बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडमधल्या युटॉक्सेटर गावी भाड्याच्या गॅरेजात लष्कराच्या भंगारातून ट्रेलर बनवला. १९५३ मध्ये त्यांच्या कंपनीने बॅकहो काढला, तीच आजची जेसीबी. दक्षिण आफ्रिकेत आयर्विन बेल यांनी १९५४ मध्ये शेती-अवजारं दुरुस्त करणारं वर्कशॉप काढलं आणि पुढच्या दशकात तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी तीनचाकी ग्रॅब लोडर बनवला. लांब कशाला, लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात बेळगावच्या सायकल दुकानातून झाली. लोखंडी नांगराने जमीन नासेल ही लोकांची भीती घालवायला त्यांना बराच काळ लागला, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधच्या राजांनी त्यांना जागा दिली होती. पाठीशी कोणी उभं राहिलं म्हणून पुढचं घडलं.

आम्हाला जागा नको. वर्षातून दोनदा, तालुक्याच्या ठिकाणी, आयटीआयच्या आवारात चाचणीचा दिवस ठेवा. अकोल्याहून एक अभियंता येऊ द्या. वेल्डिंगला तडे आहेत का ते रंग लावून तपासा. रिलीफ व्हॉल्व्ह किती दाबाला सुटतो ते गेज लावून पाहा. ठरलेलं वजन टांगून ठेवा आणि अंगठा किती सरकतो ते मोजा. पास झालेल्या तुकड्यावर नंबर ठोका, बनवणाऱ्याचं नाव आणि कमाल वजन कोरा. फी आम्ही भरू. नापास झाला तर कारण लेखी द्या, म्हणजे पुढचा नीट होईल. आयटीआयत वेल्डर ट्रेड शिकणारी पोरं त्या दिवशी उभी राहून बघतील, तर त्यांना पुस्तकापेक्षा जास्त मिळेल. नंबर पडलेल्या तुकड्याला, लहान का होईना, अनुदानही द्या.

पोफाळीच्या बाजूला ऊसतोड सुरू झाली आणि पऱ्हाटी निघाली की कोणाला थांबायला वेळ नसतो. त्यामुळे पहिला दिवस दसऱ्याच्या आत ठेवावा. माझ्या दुकानातला ग्रॅबर मी सगळ्यात आधी आणून ठेवतो. तो तुटेपर्यंत ओढला तरी चालेल.