सातबाऱ्यावर न बसणारा एकोपा

नवी मुंबईच्या भूमिपुत्रांविषयी एक ठरलेला सूर ऐकू येतो. पैसे मिळाले, भूखंड मिळाले, दाराशी स्टेशन आलं, आता विमानतळही सुरू झाला. मग कुरकुर कसली? विकास झाला की एकोपा मागोमाग येतोच. नाही आला, तर दोष गावकीच्या हट्टाचा नाहीतर बाहेरून आलेल्या गर्दीचा.

गर्दीवरच्या आरोपाला हल्ली विद्वत्तेची फोडणीही मिळते. समाजात वैविध्य वाढलं की लोकांचा एकमेकांवरचा विश्वास घटतो, असं रॉबर्ट पुटनम यांनी 2007 साली अमेरिकेतल्या पाहणीवरून मांडलं. पुढं काळाच्या ओघात हे सावरू शकतं, हेही त्यांचंच म्हणणं. ते मात्र कुणी सांगत नाही. शिवाय इथं वाशी-नेरूळच्या सोसायट्यांत मल्याळी, गुजराती आणि घाटावरची माणसं पाण्यावरून, पार्किंगवरून कडाकडा भांडतात आणि गणपतीची वर्गणीही मिळून काढतात. दरी आहे ती आखीव वसाहतींचे नोड आणि जुनं गावठाण यांच्यात. ती जमीन घेण्याच्या रीतीनं पाडली.

1970 साली सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि 95 गावांच्या जमिनींवर शहर आखलं गेलं. मोबदला मिळाला तो कागदावर नाव असलेल्याला. पण इथली खारजमीन कागदानं टिकलेली नव्हती. उधाणात बांध फुटला की ज्याची जमीन त्यानंच नव्हे, सगळ्या गावानं चिखलात उतरायचं; नाहीतर खारं पाणी सगळ्यांच्याच भातात शिरणार. मिठागरातला मजूर, खाडीत चिंबोऱ्या-निवट्या धरून घर चालवणारी बाई, यांचाही त्या जगण्यात वाटा होता. खाडीला सातबारा नसतो, म्हणून तो वाटा हिशेबात आला नाही.

हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, ही सबब फार तर सुरुवातीच्या वर्षांना लागू पडेल. जागतिक बँकेनं सक्तीच्या पुनर्वसनाचं धोरण 1980 साली आणलं. तिथले समाजशास्त्रज्ञ मायकेल सर्निया यांनी पुढं विस्थापनाचे आठ धोके सांगितले. त्यांत जमीन, रोजगार, घर यांच्याबरोबर सामायिक साधनांवरचा हक्क जाणं आणि समाजाची वीण उसवणं हेही आहे. बँकेनं स्वतःचे नियम सगळीकडे पाळले असं नाही, नर्मदेवरच्या धरणाचं उदाहरण आहेच. पण आपल्याकडे 1980 नंतर काय झालं? 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरणजवळ जासई परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण हुतात्मा झाले.

आता दुसऱ्या बाजूलाही सुनावलं पाहिजे. जुन्या गावात सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं, हे खोटं आहे. खोतांनी कुळांना किती नाडलं, ते रायगड जिल्ह्यातल्याच चरी गावच्या शेतकऱ्यांचा संप सांगतो. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तो 1933 ते 1939 असा सहा वर्षं चालला. एकोपा तिथं आयता नव्हता, सामायिक हितातून आणि लढ्यातून उभा राहिला. जासईतही तेच झालं, आणि दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देणारी योजना आली. शेतकऱ्याला शहरात भागीदार करणारी ही कल्पना मला अजूनही सिडकोच्या कुठल्याही नकाशापेक्षा मोठी वाटते.

ती राबवली मात्र कशी? सामाजिक सुविधांसाठी कापून हातात पावणेनऊ टक्के, तेही वर्षानुवर्षांनी, सोडतीत निघेल त्या जागी. मधल्या काळात खातेदार वारतो. मग वारस दाखला, बहिणींची हक्कसोड, आणि फाइल हलायच्या आधीच इसाराची रक्कम घेऊन दारात उभा बिल्डर. एकत्र बांध घालणारे भाऊ इथं दिवाणी कोर्टात समोरासमोर येतात. याला गावकीचा हट्ट म्हणणाऱ्यानं ती फाइल एकदा उघडून पाहावी.

आता उरण-पनवेल-पेणमधली 124 गावं कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी 2024 साली अधिसूचित झाली आहेत. तिथं मोजणीदार येण्याआधी कुळांची, खाडीवर जगणाऱ्यांची आणि भूमिहीनांची यादी ग्रामसभेत वाचली जावी. तळी आणि गुरचरण गावाच्या नावानं राखून ठेवावीत. ज्यांना एका आळीत राहायचं आहे त्यांना भूखंड एका रांगेत मिळावेत. यासाठी तिजोरीवर फार मोठा भार पडत नाही. या नवनगराची जबाबदारी असलेल्या एमएमआरडीएनं हे पहिल्या अधिसूचनेबरोबरच लेखी द्यायला हवं होतं.