लाल खटका

मुले परदेशी गेली, की त्यांच्या मागण्यांची यादी आईबापांना तोंडपाठ होऊन जाते. गोडा मसाला, मेतकूट, चकलीची भाजणी, नातीसाठी परकर-पोलके. गेल्या वर्षी आम्ही उभयता सहा महिन्यांच्या मुक्कामाला न्यू जर्सीला निघालो तेव्हा ही यादी नेहमीप्रमाणे फोनवरून आली. पण अखेरीस चिरंजिवांनी एक नवेच कलम घातले.

"बाबा, माळ्यावरच्या ट्रंकेत नानांची फ्लॅशची नळी आहे ना? ती आठवणीने आणा. आणि कृपा करून घासूनबिसून लखलखीत करू नका."

नाना म्हणजे माझे वडील. मुंबईच्या एका वर्तमानपत्रात ते छायाचित्रकार होते. त्यांचा 'स्पीड ग्राफिक' नावाचा अमेरिकन कॅमेरा म्हणजे एक लहानशी पेटीच होती. त्या पेटीच्या कडेला ही नळी उभी बसवायची. आत टॉर्चचे तीन मोठे सेल, डोक्यावर चकचकीत वाटी आणि वाटीत एक बल्ब. नळीवरचा लाल खटका दाबला, की समोरच्याचे डोळे दिपत आणि बल्ब कायमचा राम म्हणे. एका फोटोला एक बल्ब! तो गरमागरम बल्ब काढताना नानांची बोटे भाजत. आणि काचेवर फोड आलेला तो मेलेला बल्ब आपल्याला मिळावा म्हणून आम्हा भावंडांत मारामाऱ्या होत. नळीला हात लावायची मात्र कुणाची छाती नव्हती. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, नाना ती पाटावर मांडीत, तिला हळदकुंकू वाहत आणि म्हणत, "सुताराला करवत, तशी आम्हाला ही."

तर अशी ती नळी नातवाला हवीशी वाटावी! माझा ऊर भरून आला. नाना गेले तेव्हा हा अवघा पाच वर्षांचा. तरी आजोबांची आठवण म्हणून काही जवळ असावे असे पोराला वाटते आहे! धोतरात गुंडाळून, भाजणीच्या डब्याशेजारी ती मी जपून ठेवली. हिला म्हटले सुद्धा, "पाहिलंस? रक्त बोलतं ते असं."

रक्त काय बोलत होते ते न्यू जर्सीला पोचल्यावर कळले.

चिरंजिवांच्या घराला मोटारीसाठी गॅरेज आहे. मोटार बाहेर पावसात भिजत असते. गॅरेजमध्ये एक छोटा लेथ, एक ड्रिलचे यंत्र, स्क्रूंच्या शेकडो डब्या, आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या वीसएक मुठी. तलवारींच्या मुठी; पाती नाहीत. त्यांपैकी एक त्याने उचलली, तिच्यात दुधी रंगाची एक लांब नळी खोचली आणि कळ दाबली. गुंऽऽ असा आवाज झाला आणि मुठीतून निळा उजेड सरसर वर चढत टोकापर्यंत गेला. ही दोन पावले मागे सरकली.

"हा लाइटसेबर," चिरंजीव म्हणाले. "प्रकाशाची तलवार."

"वय काय रे तुझं?" मी विचारले.

"पंचेचाळीस."

एवढे बोलून त्याने नानांची नळी दोन्ही हातांत, मुंजीतल्या बटूने दंड घ्यावा तशी, घेतली. आणि मग मला जे ऐकायला मिळाले ते वाचकांनाही सांगितले पाहिजे. त्यावाचून पुढच्या गोष्टीत रंग नाही.

'स्टार वॉर्स' हा जॉर्ज लुकास यांचा चित्रपट १९७७ साली आला. त्याची तयारी इंग्लंडात चालली होती. नायकाच्या हाती उजेडाची तलवार द्यायची असे ठरले. पण तिची मूठ कशी असावी हे काही जमेना. सजावटीचे काम पाहणारे रॉजर ख्रिश्चन लंडनमधल्या छायाचित्र-साहित्याच्या एका दुकानात गेले. तिथे एका जुन्या खोक्यात त्यांना अमेरिकेच्या 'ग्राफ्लेक्स' कंपनीच्या फ्लॅशच्या नळ्या सापडल्या. नानांची तीच ही जात! त्यांनी नळीला काळ्या पट्ट्या चिकटवल्या, हिशेबाच्या यंत्रात आकडे मोठे दिसण्यासाठी त्या काळी बसवीत ती फुगीर ठिपक्यांची पट्टी वर अडकवली, आणि झाली तलवार तयार! सजावटीच्या ऑस्कर पारितोषिकात पुढे ख्रिश्चन यांचाही वाटा होता. ग्राफ्लेक्स कंपनी मात्र १९७३ सालीच बंद पडली होती. आपल्या नळीचा हा पुनर्जन्म तिला पाहायला मिळाला नाही.

त्याच चित्रपटातल्या वृद्ध गुरूची तलवार तर याहून अजब. तिच्यात रोल्स-रॉइसच्या जेट इंजिनातला एक पाइप आहे, पहिल्या महायुद्धातल्या बंदुकीच्या हातबाँबचा तुकडा आहे, मशीनगनचा एक भाग आहे आणि मोरीतल्या नळाची चक्री आहे.

"नळाची?" हिने विचारले.

"हो आई. हात धुवायच्या बेसिनच्या नळाची."

"मग आपल्या बंबाची तोटी का नाही आणायला सांगितलीस?"

आवाजाची कथाही तशीच. तो गुंऽऽ आवाज बेन बर्ट नावाच्या ध्वनितज्ज्ञाने सिनेमाच्या जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरचा गुणगुणाट आणि टेलिव्हिजनच्या नळीजवळ नेलेल्या माइकमधली खरखर मिसळून तयार केला. पाते म्हणून नटांच्या हाती रस्त्यावरच्या पाट्यांना लावतात तसल्या चमकणाऱ्या कागदाच्या काठ्या होत्या. उजेड नंतर फिल्मवर एकेका चित्रात चढवला. थोडक्यात, विश्वाला थरकाप आणणारे हे शस्त्र म्हणजे निव्वळ चोरबाजार!

पण या छंदातल्या मंडळींना हाच चोरबाजार जसाच्या तसा हवा असतो. चित्रपटातले एकेक चित्र थांबवून ते पट्ट्या मोजतात. सहा की सात, यावर रात्र रात्र वाद घालतात. तोच पाइप, तीच चक्री जगभर हुडकतात. नाही मिळाली तर लेथवर ॲल्युमिनियम कातून केसाचाही फरक न पडेल अशी बनवतात. एके काळी थोडक्या डॉलरांत मिळणारी फ्लॅशची नळी आता शेकडो डॉलरांना जाते. त्यामुळे जुने कॅमेरे जमवणारे लोक या तलवारवाल्यांवर दात खाऊन असतात, आणि ते बरोबरच आहे. कारण प्रत्येक नव्या तलवारीबरोबर एकेक कॅमेरा आंधळा होतो.

उजेडाचे पाते कसे करतात ते मला नातीने शिकवले. ती दहा वर्षांची. "आजोबा, खरा उजेड तीन फुटांवर थांबत नाही. तो जातच राहतो. म्हणून तर नळी लागते." पॉलिकार्बोनेटच्या त्या नळीत इवल्या इवल्या दिव्यांची पट्टी असते. प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे लावता येतो, म्हणून पाते मुठीतून उगवल्यासारखे दिसते. मुठीत एक सेल, एक लहानसा स्पीकर आणि हात कसा हलला ते ओळखणारी चकती. तलवार फिरवली की आवाजही फिरतो. फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने तर २०१९ साली या तलवारींच्या लढतींना रीतसर खेळ म्हणून मान्यता दिली. मी मान डोलावली. मनात एवढेच, की नानांच्या आठवणीसाठी नव्हे, या पोरखेळासाठी ती नळी मी सात समुद्र ओलांडून आणली.

दुसऱ्या दिवशी चिरंजिवांनी नळीचे बूड उघडले आणि ते गप्प झाले. आत तीन सेल होते. फुटून, पाझरून, पांढरे-हिरवे होऊन नळीला चिकटलेले.

"बाबा, हे आत कोणी ठेवले?"

मी ठेवले होते. कॉलेजात असताना मित्रांपुढे ऐट करायला मी टॉर्चमधले सेल नळीत घातले, खटका दाबून पाहिला, बल्ब काही नव्हताच; आणि नानांची चाहूल लागताच नळी तशीच ट्रंकेत ढकलली. त्यानंतर ती मी उघडलीच नाही. नाना गेले तेव्हाही नाही. आठवण 'जपून ठेवली आहे' असे मी पाहुण्यांना सांगत असे. ती माळ्यावर कुजत होती.

चिरंजीव एका शब्दाने बोलले नाहीत. पुढचे पंधरा दिवस ते कचेरीतून आले की गॅरेजमध्ये बसत आणि दात घासायच्या ब्रशने, लाकडी काड्यांनी ती नळी आतून कणाकणाने मोकळी करीत. देवघरातला पितळी गणपती मी इतक्या निगुतीने कधी घासला नव्हता.

शनिवारी त्यांचे तलवारबंधू जमले. एक दंतवैद्य, एक शाळेत शास्त्र शिकवणारे मास्तर आणि एक निवृत्त लेथ-कारागीर. नळी टेबलावर ठेवताच तिघे असे वाकले, की मला आपल्याकडच्या काकडआरतीची आठवण झाली. बुडावर कोरलेले 'रॉचेस्टर' हे गावाचे नाव त्यांनी वाचले. मग भिंग लावून पाहता पाहता दंतवैद्य थबकले. पट्ट्याच्या खाचेत काहीतरी लाल होते. तो कारखान्यातला रंग, असे एकाचे मत. गंज, असे दुसऱ्याचे. मास्तरांनी निर्वाळा दिला, की आजवर पाहिलेल्या एकाही नळीवर असे लाल नाही. हा फार दुर्मिळ नमुना असला पाहिजे.

"ते कुंकू आहे," मी म्हणालो.

आता कुंकू, खंडेनवमी, पाट हे सगळे माझ्या इंग्रजीत सांगणे म्हणजे एक दिव्यच होते. दंतवैद्यांनी विनयाने मान हलवली. पण तो म्हातारा लेथ-कारागीर समजला. म्हणाला, "मी दर शुक्रवारी घरी जाताना माझ्या यंत्राला तेल देऊन त्याच्या पाठीवर थाप मारीत असे." आणि मग त्याने तो प्रश्न विचारला, जो इतक्या दिवसांत त्या घरात कुणी विचारला नव्हता:

"तुमच्या वडिलांनी याने फोटो कशाचे काढले?"

चिरंजीव ड्रिलच्या यंत्रापाशी उभे होते. मूळ तलवारीच्या बुडाला कमरेला अडकवायची एक कडी आहे. तिच्यासाठी भोके पाडायच्या खुणा त्यांनी सकाळीच करून ठेवल्या होत्या. मी त्या पाहिल्या होत्या आणि बोललो नव्हतो. ज्याने नळी कुजवली त्याने भोकांबद्दल कुठल्या तोंडाने बोलावे?

मी सांगू लागलो. १४ ऑगस्ट १९४७ ची रात्र. मुंबईच्या रस्त्यांवर माणसांचा पूर. नानांच्या खिशात बारा बल्ब. दहा वाजेपर्यंत अकरा संपले. सगळे पुढाऱ्यांवर, कारण कचेरीचा हुकूमच तसा. शेवटचा बल्ब त्यांनी मध्यरात्रीसाठी राखला. बाराचे टोले पडले तेव्हा शेजारी एक ट्राम गर्दीत अडकून उभी होती, आणि तिच्या टपावर एक उघडाबंब पोरगा दोन्ही हात वर करून नाचत होता. नानांनी लाल खटका दाबला. फोटो छापला गेला नाही. त्यात पुढारी कुठे होता? नानांनी त्याची एक प्रत घरी आणली. मला ही गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, आणि मी ती कुणालाच सांगितली नव्हती. स्वतःच्या मुलालासुद्धा नाही.

मी थांबलो तेव्हा चिरंजिवांनी ड्रिलचे पाते काढून डबीत ठेवले होते.

"लंडनच्या दुकानातल्या त्या खोक्याची गोष्ट मला माहीत आहे," ते मराठीत हळूच म्हणाले, "आणि ही नाही!"

"चूक तुझी नाही," मी म्हणालो.

भोके पाडली नाहीत. दिवे, सेल, स्पीकर असे सगळे एका निराळ्या नळकांड्यात बसवून ते आत सरकवायचे आणि हवे तेव्हा बाहेर काढायचे अशी युक्ती म्हाताऱ्या कारागिराने लेथवर करून दिली. कडी लावली नाही. पट्ट्या चिकटवल्या नाहीत. त्यामुळे चित्रपटाच्या हिशेबाने ती तलवार अपुरी आहे, असे मास्तर अजून म्हणतात. खाचेतले कुंकू कुणी काढले नाही.

खंडेनवमीला सूनबाईंनी पाट मांडला. तिचा लॅपटॉप, हिची विळी, नातीची कंपासपेटी, आणि मध्ये नानांची नळी. मी जुन्या कुंकवावर नवे बोट टेकवले. नातीने विचारले, "मी दाबू?" मी मान हलवली. तिने लाल खटका दाबला. मी कॉलेजात असताना निष्फळ दाबला होता तोच. सरसर करीत उजेड वर गेला, आणि नानांच्या हाती डोळे मिटायच्या आत संपायचा तो उजेड या वेळी संपला नाही. पोर त्याच्याकडे पाहत राहिली.

"आजोबा, तो ट्रामवरचा मुलगा कसा दिसत होता?"

मला सांगता येईना. फोटो पाहून माझ्याही डोळ्यांना चाळीस वर्षे होऊन गेली होती.

यंदाच्या दिवाळीची यादी कालच फोनवरून आली. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी. आणि शेवटचे कलम नातीच्या आवाजात. ट्रंक माळ्यावरून खाली काढली आहे. नानांच्या फोटोंची एकूण सहा पाकिटे निघाली. ही म्हणते, आधी धूळ झटका. मी म्हणतो, आधी ट्राम शोधू.