एक शब्द

अनुवादाच्या तासाला, इथे नागपुरात, एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, एक शब्द चुकला तर काय आभाळ कोसळते?”

मी यशयाच्या भविष्यवाणीतला शब्द सांगितला. हिब्रूत ‘अल्मा’, म्हणजे तरुणी. ग्रीक अनुवादात तिची ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी झाली. मत्तयाने तेच वचन येशूच्या जन्माला जोडले. (आपल्या लग्नपत्रिकेतली ‘कुमारी’ त्यामानाने निरुपद्रवी!) १९५२ साली नव्या इंग्रजी बायबलात ‘तरुणी’ छापली गेली, तेव्हा अमेरिकेत एका पाद्र्याने ते पान जाळले.

कुमारीजन्म लूकही सांगतो. श्रद्धा एका शब्दावर टांगलेली नाही. तरीही मूळ पाहिल्यावाचून पुढे जायचे नाही, ही जिद्द पंडिता रमाबाईंची. हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला त्यांनी सबंध बायबल मराठीत आणले. ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. बाई १९२२ सालीच गेल्या होत्या.