कुत्र्याले सीटी स्कॅन? हसू नका, जरा ऐका!

मित्रहो, पोस्ट थोडी लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

मागच्या पावसाळ्यात आमच्या मोत्याला रस्त्यावर मोटारसायकलची धडक बसली. बाहेरून नुसता ओरखडा, पण मागचे दोन्ही पाय लुळे. पोत्याची झोळी करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पंजाला चिमटा काढून पाहिला, एक्स-रे काढला. हाड मोडलेलं दिसलं नाही. म्हणाले, "मार मणक्यात आहे. आत किती नुकसान झालं ते यात कळत नाही. सीटी किंवा एमआरआय करावा लागेल, नागपूरला न्या."

फोन केले. खर्च विचारला, गाडीभाडं विचारलं, नंबर चार दिवसांनंतरचा मिळाला. शेजारचे काकाजी हसले, "माणसाले वेळेवर भेटत नाही बाप्पा, अन् कुत्र्याले सीटी?" खरं सांगतो, तेव्हा मीही हसलो. गेलो नाही.

अकराव्या दिवशी मोत्या गेला. सीटी केला असता तरी कदाचित वाचला नसता. पण ऑपरेशनने फायदा होईल, की त्याला शांतपणे निरोप द्यावा, हे ठरवायला काहीतरी आधार मिळाला असता. ते अकरा दिवस तो अंगणात पाय ओढत फिरला आणि आम्ही नुसतं पाहत बसलो. हे मला अजून टोचतं.

सीटी म्हणजे काही जादू नाही. एक्स-रेत सगळं एकावर एक दिसतं. सीटीत यंत्र शरीराभोवती फिरून अनेक बाजूंनी क्ष-किरण सोडतं आणि कॉम्प्युटर पावाच्या कापांसारखी चित्रं तयार करतो. मणक्याची बारीक चीर, कवटीला लागलेला मार, नाकातली गाठ, फुफ्फुसात पसरलेला कॅन्सर, असं एक्स-रेत सुटणारं बरंच काही त्यात सापडतं. मज्जारज्जू पाहायला एमआरआय जास्त चांगला. जनावर स्थिर राहत नाही, म्हणून बहुतेक वेळा भूल द्यावी लागते आणि भूल म्हटली की थोडी जोखीम आलीच. त्यामुळे प्रत्येक लंगडणाऱ्या कुत्र्याला सीटी हवाच असं मुळीच नाही. तो कधी हवा, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

एक गंमत सांगतो. हाउन्सफील्ड यांनी हे यंत्र बनवताना सुरुवातीच्या प्रयोगांत बैलाचे मेंदू वापरले होते. १९७१ मध्ये लंडनला पहिल्या माणसाचा स्कॅन झाला, १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बैलाच्या मेंदूवर तपासलेलं यंत्र, आणि पन्नास वर्षांनंतरही मुक्या जिवासाठी ते मागितलं की आपण हसतो!

"हे श्रीमंतांचे चोचले" असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. रतन टाटांनी आपला कुत्रा सांध्याच्या ऑपरेशनसाठी थेट अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेला होता, तरी उशीर झाला होता. पैशाची कमी नव्हती, सोय जवळ नव्हती. पुढे २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटांचं पाच मजली प्राण्यांचं हॉस्पिटल सुरू झालं. चांगलीच गोष्ट. पण भंडारा रोड स्टेशनपासून मुंबई सुमारे ९०० किलोमीटर! लुळा कुत्रा घेऊन तिथं कोण जाणार?

मग भंडाऱ्यात सीटी मशीन बसवा असं मी म्हणतो का? नाही. मशीन येईल, पण चालवणारा माणूस, भूल देणारा डॉक्टर आणि चित्र वाचणारा तज्ज्ञ नसेल तर ते धूळ खाईल. आणि आपला जिल्हा धानाचा नि दुधाचा. आख्खी म्हैस काही कुत्र्यामांजरांच्या यंत्राच्या कड्यातून जात नाही. गाय चाऱ्यासोबत तार, खिळा गिळते, तो पोटातून हृदयाकडे सरकतो. तिथं वेळेवरची सोनोग्राफी आणि एक्स-रे कामी येतात.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत.

१) जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात डिजिटल एक्स-रे आणि सोनोग्राफी रोज चालू असावी आणि ती वापरणारा माणूसही हजर असावा. तुमसर असो की लाखांदूर, शेतकऱ्याला भरवसा पाहिजे.

२) १९५८ पासूनचं नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. विदर्भातल्या जनावरांसाठी सीटी तिथं परवडणाऱ्या दरात आणि वेळेत मिळाला पाहिजे. विद्यार्थीही त्यावर शिकतील.

३) इथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की तिथला नंबर इथूनच पक्का व्हावा. १९६२ वर फोन केला की जनावरांसाठी फिरतं पथक येतं. त्याच व्यवस्थेत गंभीर जनावर पुढे पाठवायची सोय जोडता येईल.

"आधी माणसांचं पाहा" हे मला मान्य आहे. पण जनावरांचा दवाखाना सुधारला म्हणून माणसाची खाट कमी होत नाही. ज्याची गाय मेली, त्याच्या घरातला माणूसही आजारी पडतोच की!

काकाजी आता हसत नाहीत. परवा त्यांची शेळी अडली, तेव्हा रात्री माझ्याकडेच आले, "कोठी नेऊ जी?" माझ्याकडेही उत्तर नव्हतं. ते उत्तर जिल्हा परिषदेकडे असायला पाहिजे.

तुमच्या गावात काय अनुभव आहे, लिहा. आणि पटलं तर आपल्या भागाच्या सदस्यांपर्यंत ही पोस्ट पोचवा.