नुसती सही हवी आहे, डॉक्टर!

एप्रिल संपत आला की माझ्या दवाखान्यात एक ठरलेले दृश्य दिसते. रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, कंपाउंडर शटर निम्मे खाली ओढत असतो, आणि तेवढ्यात एखादे काका हातात कागद घेऊन आत शिरतात. "पोराच्या स्काउट शिबिराचा फॉर्म आहे. उद्या सकाळी गाडी सुटते. नुसती सही हवी आहे, डॉक्टर." मुलगा कुठे आहे? तो घरी बॅग भरतो आहे. त्याची आई? ती आठ दिवसांचा चिवडा करते आहे. फॉर्म पाहावा तर "काही आजार आहे काय?" या ओळीपुढे घरूनच 'नाही' लिहून आणलेले असते. ज्याला तपासायचे तो समोर नाही आणि तो ठणठणीत आहे असे मी लिहून द्यायचे!

अशा वेळी मी सही देत नाही. त्यामुळे गावात माझ्याबद्दल थोडी नाराजी आहे, हे मला ठाऊक आहे. ती का देत नाही, हे आज जरा सविस्तर सांगतो.

शिबिराला माझा विरोध आहे असे मात्र कोणी समजू नये. मी स्वतः शाळेत स्काउट होतो. गाठी मारायला तिथेच शिकलो आणि जळकी भाकरी आनंदाने खायलाही तिथेच शिकलो. बेडन पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर वीस मुलांना घेऊन पहिले शिबिर भरवले, तेही आठवडाभराचेच होते. स्काउट चळवळीची सुरुवातच मुळी शिबिरातून झाली. आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था १९५० साली स्थापन झाली आणि शाळाशाळांतून पथके उभी राहिली. 'तयार राहा' हे स्काउटचे ब्रीद. मुले तयार असतात. तयारी कमी पडते ती घरच्यांची.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शिबिर कुठले, शाळा कुठली ते सांगत नाही. सांगून कोणाचे भले व्हायचे नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावणे आले. तेरा वर्षांचा एक मुलगा तंबूत पाय पोटाशी घेऊन पडला होता. आदल्या संध्याकाळपासून पाय दुखतात म्हणत होता. डोंगर चढायचा कंटाळा करतो आहे असा सरांचा समज झाला आणि त्यांनी सकाळी त्याला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. मी पापणी खाली ओढून पाहिली, तर रक्ताचा पत्ता नाही आणि डोळे पिवळट. विचारले, "बाळा, तुझी रक्ताची तपासणी झाली आहे का?" बराच वेळ तो बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, "कार्ड घरी आहे."

सिकलसेल! ते कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. शिबिरात कोणाला सांगायचे नाही, असे वडिलांनी बजावले होते. जीपने त्याला रुग्णालयात हलवले. सलाईन, वेदनाशामक औषधे, ऑक्सिजन असे करत चौथ्या दिवशी तो उठून बसला. वडील खाटेशेजारी बसून होते. मी जरा रागानेच विचारले, "सांगितले का नाही?" ते म्हणाले, "सांगितले असते तर नेले असते का, डॉक्टरसाहेब?"

मला उत्तर देता आले नाही. आजही छातीठोकपणे देता येईल असे वाटत नाही.

सिकलसेल म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात फार समजावून सांगायला नको. रक्तातील गोल तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि पुढच्या भागाला रक्त न मिळाल्याने असह्य वेदना सुरू होतात. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. पण तो फक्त आदिवासींचाच, हा समज चुकीचा आहे. विदर्भात इतर समाजांतही तो पुष्कळ दिसतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. (आपला जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तोही १ जुलैलाच, १९९८ साली. लक्षात ठेवायला सोपे.) चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्या मोहिमेचे उद्दिष्ट आहे. म्हणजे पुष्कळ घरांत आज कार्ड आहे. प्रश्न ते पेटीतून बाहेर काढण्याचा आहे.

शिबिराचा आणि या आजाराचा संबंध सरळ आहे. अंगातले पाणी कमी होणे, गारठा, फार दमछाक आणि ताप या चार गोष्टींनी सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका येतो. आता शिबिराचा दिवस डोळ्यांपुढे आणा. समजा, पथक तोरणमाळला चालले आहे. निघताना खाली मे महिन्याचा तापलेला वारा. वर तोरणमाळ साधारण ११५० मीटर उंचीवर, त्यामुळे पहाटे अंगावर पांघरूण ओढावे असा गारवा. पाचला शिट्टी, थंड पाण्याने अंघोळ, मग कवायत, दुपारी उन्हात भटकंती, आणि पाण्याची बाटली तंबूत विसरलेली. चार कारणांपैकी तीन दुपारपर्यंतच हजर!

म्हणून या मुलाने घरी बसावे काय? मुळीच नाही. त्याला वारंवार पाणी प्यायला आठवण करावी, अंघोळीला कोमट पाणी द्यावे, रात्री एक जादा ब्लँकेट द्यावे. दम लागला की त्याला मुकाट्याने बसू द्यावे. 'नाजूक' म्हणून चिडवू नये. फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया अशा चालू असलेल्या गोळ्या शिबिरातही चुकवू नयेत. दुखऱ्या जागी बर्फ लावू नये, त्याने दुखणे वाढते. १०१च्या वर ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा गोळीने न थांबणारी वेदना यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जो नुसता वाहक आहे, त्याला सहसा काहीच त्रास होत नाही. पण भर उन्हात शर्यती लावल्या तर पाणी आणि विश्रांती त्यालाही हवी. ती खरे तर सगळ्यांनाच हवी.

इतके करायला मोठे डॉक्टर लागत नाहीत. सरांना माहीत असणे पुरेसे आहे. म्हणून शिक्षकांनाही माझे हात जोडून सांगणे आहे की, ज्या पालकाने फॉर्मवर खरे लिहिले त्याच्या मुलाचे नाव कापू नका. एकदा एकाचे नाव कापले की पुढच्या वर्षी दहा पालक 'नाही' लिहितात. मग तुमच्या पथकात आजारी मुले तेवढीच असतात, फक्त ती कोण हे तुम्हाला कळत नाही.

लपवतात ते फक्त पाड्यावरचेच पालक असेही नाही. या बाबतीत मी स्वतःही धुतल्या तांदळासारखा नाही. माझा मुलगा दहा वर्षांचा असताना पहिल्यांदा शिबिराला गेला. त्याला अधूनमधून रात्री अंथरुणात लघवी व्हायची. फॉर्म मीच भरला. डॉक्टरच्या मुलाबद्दल असे काय लिहायचे, म्हणून 'नाही' लिहून मोकळा झालो. पोराने काय केले असेल? दुपारी चारनंतर पाण्याचा थेंब प्यायचा नाही आणि रात्री झोपायचे नाही. आठवडाभर! परत आला तो सुकून गेलेला आणि लघवीला जळजळ घेऊन. एका विश्वासू शिक्षकाच्या कानात दोन वाक्ये सांगितली असती, त्यांनी रात्री अकराला त्याला हळूच उठवले असते, तर एवढे झाले नसते. त्याने मला आजवर काही विचारलेले नाही.

दम्याची मुले, फिट येणारी मुले यांच्याबाबतीत हेच घडते. फिटची गोळी एक दिवसही चुकता कामा नये. आणि शेकोटीच्या नादात झोप मोडली की झटका येऊ शकतो, हे सरांना सांगायला हवे. अशा मुलाने तलावात उतरू नये. बाकीच्यांनीही मोठे माणूस काठावर असल्याशिवाय उतरू नये. यशवंत तलाव दिसायला शांत असला म्हणून काय झाले. गोळ्या मूळ पाकिटात, नाव आणि वेळ लिहून सरांकडे द्याव्यात. दम्याचा पंप मात्र मुलाच्याच खिशात हवा, कारण धाप सरांना शोधत बसत नाही.

मुलींच्या आयांना एक वेगळी विनंती. दहा-बारा वर्षांच्या मुलीला पहिली पाळी शिबिरातच येऊ शकते. घरी कोणी काही बोललेले नसले तर ती मुलगी रक्त पाहून घाबरते, आणि मैत्रिणींपासून लपवत दिवस काढते. आदल्या आठवड्यात आईने किंवा मावशीने शेजारी बसवून सांगावे, बॅगेत पॅड ठेवावेत, वापरलेले कुठे आणि कसे टाकायचे तेही सांगावे. गाइड कॅप्टनबाईंना न लाजता विचारता येते, एवढे जरी मुलीला कळले तरी निम्मे काम झाले.

आता रडण्याविषयी. परवा एक माउली डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आमना पोऱ्या एक रात बी बाहेर राहिना नही." मला धडगावकडची आश्रमशाळेतली मुले आठवली. सहाव्या-सातव्या वर्षी ती घर सोडतात, आणि त्यांच्या रडण्यावर कोणी लेख लिहीत नाही. असो. घरची आठवण येणे हा आजार नाही. ती बहुतेक सगळ्यांना येते आणि बहुतेकांची दोन-तीन दिवसांत निवळते. पण "रडू आले तर फोन कर, लगेच घ्यायला येतो" असे वचन मात्र देऊ नका. मायेपोटी दिलेल्या या वचनाचा अर्थ मुलाच्या मनात 'तुला हे जमणार नाही' असा होतो, आणि पहिल्याच रात्रीपासून ते गाडीची वाट पाहू लागते. २००७ साली अमेरिकेतील एका बालरोगविषयक नियतकालिकात याच विषयावर लेख आला होता. त्यातही डॉक्टरांनी पालकांना हाच सल्ला दिला होता. त्यापेक्षा महिनाभर आधी दोन रात्री मामाकडे पाठवा. तिथे आपली अंघोळ, आपले कपडे, आपले अंथरूण त्याचे त्याने पाहावे. मामीला मात्र लाड न करण्याची ताकीद द्या, ते अवघड आहे.

बॅगेविषयी थोडक्यात. नवे बूट शिबिरासाठी घेऊ नका. पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतो आणि उरलेले सहा दिवस पोर लंगडते. चिवडा-लाडूंचे डबे नकोत. त्यांना मुंग्या लागतात, मागोमाग उंदीर येतात, आणि उंदरामागे कोण येते ते सांगायला नको. टॉर्च आणि मच्छरदाणी हवीच. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा दंशाची जागासुद्धा दिसत नाही. अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी डासांइतकीच सापाच्याही आड येते. बूट घालण्यापूर्वी झटकायची सवय घरीच लावा. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कित्येक जीव वाचले. पण त्यासाठीही रुग्ण वेळेत डॉक्टरपर्यंत पोचावा लागतो. साप असो वा विंचू, चिरा देणे, आवळून बांधणे, भगताकडे नेणे यांत जाणारा प्रत्येक क्षण फुकट. १०८ला फोन करावा, नाहीतर मिळेल त्या गाडीने निघावे.

फॉर्मवर आणखी एक गोष्ट लिहून द्यावी असे मी सुचवतो. डोंगरात सगळीकडे मोबाइलला रेंज नसते. "आमच्याशी संपर्क झाला नाही तरी सरांनी योग्य वाटेल तो उपचार लगेच सुरू करावा" एवढे वाक्य आणि सही. वडिलांना विचारल्याशिवाय कसे न्यायचे, या घोळात सरांचा तासभर जायला नको. धनुर्वाताची लसही पाहून घ्या. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीचे इंजेक्शन सरकारी वेळापत्रकात आहे, शाळेत ते चुकले असेल तर आधी घ्यावे. आणि निघण्याच्या एक-दोन दिवस आधी ताप किंवा हगवण असेल तर त्या खेपेला मुलाला घरी ठेवा, मग ते कितीही रडो. एका मुलाची हगवण आठवड्यात सगळ्या तंबूंत फिरते.

त्या तेरा वर्षांच्या मुलाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. पुढच्या वर्षी तो पुन्हा शिबिराला गेला. जाण्याच्या आठ दिवस आधी बापलेक दवाखान्यात आले. या वेळी कार्ड वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात होते. मी फॉर्मवर सगळे लिहिले, खाली सही केली, आणि सरांना वेगळी चिठ्ठी दिली. वडिलांनी ती दोनदा वाचून घेतली आणि मुलाला म्हणाले, "हरवू नको."

शिबिराचे फॉर्म घेऊन येणाऱ्यांसाठी मे महिन्यात दवाखाना सकाळी अर्धा तास लवकर उघडतो. येताना पोरालाही घेऊन या.